शाळेत असणे आणि पात्र असणे

यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहाऱ्यात बारावी किंवा बीए झालेल्या, संसारात पडलेल्या आणि घराजवळ काम शोधणाऱ्या बाईपुढे वाटा मोजक्याच असतात. एमआयडीसीतले काम, शहरातल्या एखाद्या दुकानातली नोकरी, नाहीतर शाळा. त्यातल्या त्यात शाळा बरी, असे घरचेही म्हणतात. वेळ ठरलेली, काम मानाचे, आपली लेकरेही डोळ्यांसमोर. त्यामुळे ‘मदतनीस म्हणून घेतात’ एवढे कानावर आले तरी कागदपत्रांची जुळवाजुळव सुरू होते. ही ओढ रास्तच आहे. काळजी वाटते ती या ओढीवर चाललेल्या धंद्याची, आणि त्याहून जास्त एका गैरसमजाची: शाळेत काही महिने काढले की माणूस शाळेचा होतो.

आधी पदाचेच पाहू. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत वर्गशिक्षकाच्या हाताखाली शिकवायला मदत करणारा असा नियमित संवर्ग नाही. लहान मुलांसोबत काम करणाऱ्या मदतनीसाचे, नियम लिहून ठेवलेले पद म्हणजे अंगणवाडी मदतनीस. पूर्वी तिथे सातवी पास चालत असे. फेब्रुवारी 2023 च्या शासन निर्णयाने ती अट बारावीवर नेली. वय 18 ते 35, विधवांना 40 पर्यंत सवलत. गावात असेल तर उमेदवार त्याच महसुली गावची रहिवासी हवी. निवड मुलाखतीवर नाही, गुणांवर. बारावीची टक्केवारी, पुढची पदवी, डीएड, बीएड, एमएस-सीआयटी यांना गुण आहेत. विधवा आणि अनाथ उमेदवारांना जादा गुण आहेत. आणखी एक अट यवतमाळसारख्या जिल्ह्यात फार मोलाची आहे. अंगणवाडीतली निम्म्याहून अधिक मुले मराठीखेरीज दुसरी भाषा बोलत असतील, तर उमेदवाराला ती भाषा आली पाहिजे. केळापूर, झरी जामणी भागातल्या कोलाम पोडावर किंवा दिग्रस, पुसदकडच्या बंजारा तांड्यावर तीन वर्षांच्या पोराला तहान लागलेली कळायची असेल, तर कोलामी किंवा गोरमाटी येणारी बाईच हवी. ही खरी पात्रता आहे आणि ती कुठल्याही क्लासमध्ये विकत मिळत नाही.

विकत मिळते ते वेगळेच: खासगी क्लासचे मदतनीसाचे प्रमाणपत्र. असे एखादे प्रमाणपत्र हातात घेऊन नीट वाचावे. जाड, लॅमिनेट केलेला कागद, सोनेरी शिक्का, वर ठळक अक्षरात ‘शासनमान्य’. खाली बारीक टाइपात एक नोंदणी क्रमांक. तो बहुधा संस्था नोंदणी अधिनियम 1860 खालचा असतो, किंवा उद्यम नोंदणीचा, किंवा नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा. पहिला क्रमांक सांगतो की संस्था अस्तित्वात आहे, दुसरा सांगतो की कुणीतरी व्यवसाय मांडला आहे, तिसरा सांगतो की एका स्वयंसेवी संस्थेने आपली माहिती भरली आहे. अभ्यासक्रमाला मान्यता यातला एकही देत नाही. शिक्षक प्रशिक्षणाची मान्यता 1993 च्या कायद्याने राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेकडे आहे, आणि दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्यांची 1992 च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे. एखादी खासगी बालवाडी अशा कागदावर कामाला ठेवून घेईलही, पण ती तिची मर्जी झाली. सरकारी गुणवत्ता यादीत त्या कागदाला जागा नाही. दागिना गहाण ठेवून फी भरणाऱ्या घराला हा फरक आधी सांगितला जात नाही, हा सरळसरळ अन्याय आहे.

दुसरा सापळा मात्र खासगी नाही. जुलै 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला महिना 6000, आयटीआय किंवा पदविकाधारकाला 8000, पदवीधराला 10000 रुपये, मुदत सहा महिने. पुढे ती पाच महिन्यांनी वाढवली. राज्यभर अनेक प्रशिक्षणार्थी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेले. दोनशिक्षकी शाळेत एक गुरुजी कामासाठी पंचायत समितीत गेले की दुसऱ्या वर्गावर कोण, तर हेच प्रशिक्षणार्थी. हजेरी घेतली, पाढे म्हणून घेतले, खिचडीच्या वेळी रांग लावली, ऑनलाइन माहितीही भरून दिली. पोरे त्यांना सर, मॅडम म्हणू लागली आणि गावानेही तसेच मानले. मुदत संपली तेव्हा हातात अनुभवाचा कागद होता, नेमणूक नव्हती. योजनेने ती कधी कबूलही केली नव्हती. 2025 मध्ये कायम करा म्हणत हे तरुण आंदोलनाला बसले. त्यांचे दुःख खरे आहे, कारण त्यांच्याकडून काम शिक्षकाचे घेतले आणि नाव प्रशिक्षणार्थ्याचे दिले.

यावर दूरच्या वस्त्यांवर चाललेल्या वस्तीशाळांचा दाखला हमखास दिला जातो. ते निमशिक्षकही हजार रुपयांवर लागले होते, शेवटी झालेच ना कायम? झाले, पण 2014 मध्ये. म्हणजे दहा-बारा वर्षे तुटपुंज्या मानधनावर काढून, मधल्या काळात डीएड पूर्ण करून आणि सरकारने खास निर्णय घेतल्यावर. आता तर दारे अधिकच अरुंद झाली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्येच, उमादेवी प्रकरणात, तात्पुरत्या कामातून कायमपणाचा हक्क तयार होत नाही असे ठरवले. सप्टेंबर 2025 मध्ये तर त्याच न्यायालयाने नोकरीत असलेल्या, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, बंधनकारक केली. वीस वर्षे फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या गुरुजींनाही आता पुस्तक उघडून बसावे लागणार आहे. अकरा महिन्यांच्या अनुभवावर कुणी आशा लावून देत असेल तर तो फसवतो आहे. पैसे देऊन पात्रता आणणाऱ्यांचे काय होते, तेही आपण पाहिले: टीईटी घोटाळ्यात 2022 मध्ये साडेसात हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरले.

मदतनीसाचे काम हलके आहे, कुणीही करील, हा समजच या सगळ्याच्या मुळाशी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे कोसबाडला नेले. तिथे गावातल्याच मुलींना हे काम शिकवण्यावर त्यांचा भर होता. लहान मुलाजवळ बसायलाही शिकावे लागते, हे त्यांनी करून दाखवले. मग आज शाळांना दुसऱ्या हाताची गरज आहे हे सरकारला मान्य असेल, तर त्याने तसे पद निर्माण करावे, त्याची पात्रता लिहावी, आणि प्रशिक्षण यवतमाळच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतून द्यावे. योजनेच्या नावाखाली दर वर्षी नवी तुकडी आणून जुनी घरी पाठवणे हे मुलांच्याही हिताचे नाही. पहिलीतल्या मुलाला पुन्हा पुन्हा नव्या माणसाची सवय करावी लागते.

तोवर लोहाऱ्यातल्या बाईने फी भरण्याआधी ते माहितीपत्रक घेऊन बालविकास प्रकल्प कार्यालयात जावे आणि या अभ्यासक्रमाला भरतीत किती गुण आहेत, एवढेच विचारावे. गुण नसतील तर ते पैसे मुक्त विद्यापीठाच्या पदवीकडे वळवावेत. पदवीला गुण आहेत.