पेटीला गाळी पाहिजे

टीव्हीखाली कॉम्प्युटर कशाला, हा प्रश्न आता रास्त आहे. हल्लीचे टीव्ही स्वतःच इंटरनेटवरून सिनेमे दाखवतात आणि मायक्रोसॉफ्टनंही २०१५ साली विंडोज १० आणताना त्यातून ‘मीडिया सेंटर’ काढूनच टाकलं. पण आपल्या सीमाभागातल्या घरांत कपाटात दोन भाषांचा संसार असतो. १९७२ चा ‘पिंजरा’ आणि त्याच वर्षीचा राजकुमारांचा ‘बंगारद मनुष्य’, दोन्ही व्हीसीडीवर, शेजारी शेजारी. लग्नामुंजीच्या व्हिडिओ कॅसेटी वेगळ्याच. हे सगळं एकदा डिस्कवर उतरवून ‘कोडी’सारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये लावलं, की रिमोटचं बटण दाबून हवं ते पाहता येतं.

आमच्याकडे त्यात आणखी एक गोष्ट आहे. अत्तेंच्या (सासूबाईंना मी कन्नडमध्येच हाक मारते) आईनं म्हटलेली जोगुळं. अर्ध्या तासाची एकच कॅसेट. त्या अज्जी आता नाहीत आणि फीतही चिकटायला लागली होती. ती जोगुळं ज्या डिस्कवर उतरली, ती ज्या पेटीत राहणार, ती पेटी निवडताना म्हणूनच मी जरा चिकित्सा केली.

दुकानदार आधी पेटीचं तोंड दाखवतो. चकचकीत अॅल्युमिनियम, निळे दिवे, गाण्याचं नाव दाखवणारी पट्टी. त्या पट्टीसाठी जास्त पैसे मोजू नका. गाण्याचं नाव समोर टीव्हीवर दिसतंच. तुम्ही जाताना खिशात टेप घेऊन जा आणि जाण्याआधी आपल्या शोकेसचा कप्पा मोजा. उंची, रुंदी आणि मुख्य म्हणजे खोली.

उदाहरणादाखल सिल्व्हरस्टोन कंपनीची ‘ग्रँडिया जीडी०९’ घेऊ. आडवी पेटी, जुन्या अॅम्प्लिफायरसारखी दिसणारी. रुंदी ४४० मिलिमीटर, उंची १७०, खोली ३५८. म्हणजे सोळा इंच खोल कप्प्यात ती बसते, पण मागे जेमतेम चार-पाच सेंटिमीटर उरतात आणि एचडीएमआयची वायर तेवढ्यात धड वळत नाही. सुताराला बोलावून मागच्या प्लायला खिडकी पाडून घेतली, की वायरी आणि गरम हवा दोन्हींची सोय होते. या पेटीत नेहमीचा मोठा एटीएक्स मदरबोर्ड आणि नेहमीचाच पॉवर सप्लाय बसतो, हा तिचा मोठा गुण. पुढेमागे काही बिघडलं तर सुटा भाग गावातल्या दुकानातही मिळतो. दोष म्हणजे डिस्कचा पिंजरा बरोबर प्रोसेसरच्या डोक्यावर येतो. तो ठेवला, तर उंच कूलर बसत नाही. डीव्हीडी ड्राइव्ह आतच हवा, की उंच आणि शांत कूलर हवा, हे आधीच ठरवावं लागतं. मी ड्राइव्ह बाहेर, यूएसबीवर ठेवला.

आता हवा. अत्तेंनी रिकामी पेटी उघडून पाहिली आणि एवढंच म्हणाल्या, “इदक्के गाळी बेकु.” याला हवा पाहिजे. कॉम्प्युटरच्या जाड पुस्तकांतही याहून वेगळं काही लिहिलेलं नसतं. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे खोलीच तापलेली असते. पेटीच्या आत त्याहून जास्त, आणि काचेचं दार लावलेल्या कप्प्यात त्याहूनही. बहुतेक हार्ड डिस्कना कंपन्या ६० अंशांची मर्यादा देतात. तिथवर जाऊच द्यायचं नाही. बिनपंख्याच्या, बाजूला अॅल्युमिनियमच्या पात्या असलेल्या पेट्या येतात. फार देखण्या, पण त्यांना चारी बाजूंनी मोकळी जागा लागते. बंद शोकेसमध्ये ती पेटी म्हणजे तव्यावर ठेवलेलं ताट.

धुळीचं गणितही हवेशीच जोडलेलं आहे. उन्हाळ्यात आपली लाल माती कुठे कुठे शिरते ते मी सांगायला नको. पंखे बाहेर हवा फेकणारे जास्त असतील, तर पेटी प्रत्येक फटीतून धूळ आत ओढते. आत हवा घेणारे पंखे जास्त आणि त्यांच्यापुढे जाळी असेल, तर फटींमधून हवा बाहेर ढकलली जाते आणि धूळ जाळीवर अडते. जीडी०९ मध्ये अशी रचना करता येते. फक्त जाळी हातानं निघते का, ते दुकानातच काढून पाहा. जी जाळी काढायला स्क्रूड्रायव्हर लागतो, ती कोणत्याही घरात धुतली जात नाही.

आवाजाकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात आणि पुढे त्याचाच सर्वांत जास्त त्रास होतो. तेवढीच हवा ढकलायला १२० मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा ८० मिलिमीटरच्या पंख्याला तिपटीहून जास्त फेरे घ्यावे लागतात. म्हणून छोट्या चपट्या पेट्या किरकिर करतात. शिवाय ७२०० फेऱ्यांची डिस्क म्हणजे सेकंदाला १२० फेरे. ती पत्र्याला घट्ट आवळली, की पत्रा तोच सूर धरतो. तानपुऱ्याच्या खालच्या तारांच्या जवळपासचा. आपल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं गाणं लावून पाहा. सुरुवातीला नुसता तानपुरा असतो तेव्हा ही घुरघुर कशी मध्ये येते ते कळेल. उपाय स्वस्त आहे. स्क्रूखाली रबरी वॉशर आणि पेटीला रबरी पाय. पेटी घेताना डिस्कच्या जागी रबर आहे का, ते बोटानं दाबून पाहा. अज्जींचा आवाज मुळातच बारीक, त्यात कॅसेटची खरखर. त्यावर आणखी ‘सद्दु’ नको होता.

जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. पेटी धातूची असते. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर लावली, तर पेटीला हात लागताच बारीक मुंग्या येतात आणि स्पीकरमधूनही घूं ऐकू येतो. तीन पिनांचा प्लग दोन पिनांत घुसवणारे जोड वापरू नका. पेटी आणण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. टीव्हीखालची पेटी नेमकी रांगत्या मुलांच्या उंचीवर असते.

सगळं जोडून झालं, की दोन तास सिनेमा चालू ठेवा, मग पेटीच्या पत्र्यावर तळहात ठेवा. कोमट लागला तर ठीक. हात मागे घ्यावासा वाटला, तर कप्प्याचं काचेचं दार काढून माळ्यावर टाका. आमचं तिथेच आहे. आणि पेटी कितीही चांगली मिळाली, तरी डिस्क एक दिवस जातेच. जोगुळांची दुसरी प्रत हुबळीला नणंदेच्या कपाटात आहे.