बेचकीतली दुर्बीण

दोस्तांनो, चिंचा पाडायची बेचकी तुम्ही पाहिलीच असेल. खाली एक दांडा, वर दोन फाटे आणि फाट्यांना बांधलेलं रबर. आज मी तुम्हांला एका पोलादी बेचकीची गोष्ट सांगणार आहे. तिच्या फाट्यांमध्ये रबर नाही, तर चक्क एक भलीमोठी दुर्बीण आहे!

ही दुर्बीण आहे अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेत. तिचा आरसा ६० इंच, म्हणजे साधारण दीड मीटर रुंद. काचेची ही जाडजूड चकती फ्रान्समध्ये ओतली गेली. जॉर्ज हेल या खगोलशास्त्रज्ञाच्या वडिलांनी १८९६ मध्ये ती आपल्या मुलाला भेट दिली. पण नुसता आरसा घेऊन काय करणार? दुर्बीण बांधायला पैसेच नव्हते. बिचारी काच कित्येक वर्षं पडून राहिली. पुढे पैसे मिळाले, जॉर्ज रिची यांनी आरसा घासून तयार केला, आणि सांगाडा सॅन फ्रान्सिस्कोतल्या कारखान्यात बनू लागला. तेवढ्यात एप्रिल १९०६ मध्ये त्या शहरात भयंकर भूकंप झाला! नशीब बघा, सांगाडा थोडक्यात वाचला. मग डोंगराच्या अरुंद वाटेने सगळं सामान वर नेलं, आणि डिसेंबर १९०८ मध्ये दुर्बीण पहिल्यांदा ताऱ्यांकडे वळली.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या दुर्बिणीला बेचकी कशाला हवी? जमिनीत घट्ट रोवून टाकायची की!

इथेच तर खरी गंमत आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून आपल्याला आकाश सरकताना दिसतं. दोन मिनिटांत एखादा तारा चंद्राच्या रुंदीइतका पुढे जातो. दुर्बीण जागच्या जागी उभी राहिली, तर तारा बघता बघता तिच्यातून निघून जाणार. आणि अंधूक ताऱ्यांचा फोटो काढायचा तर काचेवर तासन् तास त्यांचा प्रकाश पडू द्यावा लागे. दुर्बीण जराशी जरी चुकली, तरी ठिपक्याऐवजी रेघ उमटायची. अख्ख्या रात्रीची मेहनत पाण्यात!

यावर उपाय काय? बेचकीचा दांडा आडवा धरा आणि त्याचं तोंड ध्रुवताऱ्याकडे करा. झाला तो पृथ्वीच्या आसाला समांतर! आता पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तर बेचकी त्याच वेगाने उलटी, पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरवायची. २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी. बस्स! तारा दुर्बिणीत खिळून राहतो. फाट्यांमधली नळी एकदा हव्या त्या ताऱ्याकडे झुकवली, की पुढे फक्त दांडा एकसारखा फिरवायचा. ते काम घड्याळासारखी यंत्रणा करते.

पण हे फिरणारं वजन होतं वीस टनांहून जास्त. ते हिसका न बसता फिरवायचं कसं? दांड्याला एक मोठा पोकळ ढोल बसवला आणि तो पाऱ्यावर तरंगत ठेवला. पारा इतका जड की लोखंडसुद्धा त्यावर तरंगतं. त्यामुळे बहुतेक भार पाऱ्यानेच उचलला!

बेचकीचा आणखी एक फायदा. तिचं तोंड मोकळं असतं, त्यामुळे ध्रुवताऱ्याच्या आसपासचं आकाशही दिसतं. त्याच डोंगरावर १९१७ मध्ये १०० इंची दुर्बीण आली. ती दोन्ही टोकांना टेकलेल्या चौकटीत बसवली होती. पालखीच कशी खांद्यांवर असते, तशी. भार छान पेलला, पण वरचं टोक नेमकं ध्रुवाच्या आड आलं! बेचकीला मात्र एकाच बाजूने आधार, म्हणून वजन वाढलं की ती वाकण्याची भीती. तरीही १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच लिक वेधशाळेत १२० इंची दुर्बीण अशाच बेचकीत बसवली गेली.

या सगळ्या खटाटोपातून मिळालं काय? हार्लो शॅप्ली यांनी ६० इंची दुर्बिणीने गोलाकार तारकागुच्छांचे फोटो घेतले, त्यांची अंतरं काढली. तेव्हा सूर्य आकाशगंगेच्या मध्याजवळ आहे, असंच अनेकांना वाटे. पण हे गुच्छ तर धनू राशीच्या बाजूला गर्दी करून होते! म्हणजे मध्य तिकडे, आणि आपण त्याच्यापासून खूप लांब. १९१८ मध्ये त्यांनी हे मांडलं. त्यांचं अंतर बरंच जास्त निघालं, आज ते सुमारे २६ हजार प्रकाशवर्षं मानतात. पण दिशा बरोबर होती. एका स्थिर बेचकीने आपल्याला विश्वातला आपला पत्ता सांगितला.

आता मोठ्या दुर्बिणींचा पाया सपाट असतो. संगणक दोन्ही आस एकदम फिरवतो, त्यामुळे दांडा तिरपा ठेवावा लागत नाही. जुन्नरजवळच्या गिरवलीची दोन मीटरची दुर्बीण अशीच आहे. माउंट विल्सनच्या आजीबाई आता साध्यासुध्या लोकांना आकाश दाखवतात. डोळा लावायला मिळतो बरं का!

तुम्हीही करून पाहा. बेचकीच्या फाट्यांमध्ये दोऱ्याने एक पेन्सिल बांधा. उत्तरेकडे तोंड करून दांड्याचं पुढचं टोक उचला. पुण्यात असाल तर साडेअठरा अंश, नागपुरात एकवीस. जेवढे आपल्या गावाचे अक्षांश, तेवढाच उतार. पेन्सिल एखाद्या ताऱ्यावर रोखा आणि तासाभराने दांडा घड्याळाच्या उलट दिशेने पंधरा अंश फिरवा. पेन्सिल कुठे रोखलेली दिसते, बघा बरं!