मुलांच्या पोटदुखीचे उत्तर त्या रक्तचाचणीत नाही

प्रति,
माननीय अध्यक्ष,
इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स



बेंबीभोवती दुखते म्हणून वरचेवर शाळा बुडवणाऱ्या मुलाची एच. पायलोरी या जठरातील जिवाणूविरुद्धच्या अँटिबॉडीसाठी रक्ततपासणी होते, अहवाल ‘पॉझिटिव्ह’ येतो आणि दोन आठवडे दोन अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारे औषध पोटात जाते. मुलांच्या पोटदुखीसाठी ही चाचणी करू नये, हे आपल्या संस्थेने पालकांना समजेल अशा मराठीत जाहीरपणे सांगावे, एवढ्यासाठी हे पत्र.

हा जिवाणू खरा आहे आणि त्याचा अल्सरशी असलेला संबंधही. पर्थच्या वॉरन आणि मार्शल यांना त्याच शोधासाठी २००५ चे नोबेल मिळाले. पण आपल्याकडे तो बहुतेकांना लहानपणीच, बरेचदा घरातूनच लागतो आणि बहुतेकांना काहीही त्रास न देता जठरात राहतो. त्यामुळे पोट दुखणाऱ्या मुलात तो सापडला, तर त्याच वर्गातल्या न दुखणाऱ्या कितीतरी मुलांतही सापडेल. दुखण्याचे कारण मात्र हाती लागलेले नसेल. त्यातून अँटिबॉडी तर जिवाणू गेल्यावरही महिनोन्‌महिने रक्तात राहतात. युरोप आणि उत्तर अमेरिकेतील बालपचनविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त मार्गदर्शनात म्हणूनच अँटिबॉडी चाचणी निदानासाठी नाकारली आणि कार्यात्मक पोटदुखीत या जिवाणूचा शोधच घेऊ नये, असे सांगितले. कार्यात्मक म्हणजे बहाणा नव्हे. आतड्याच्या नसा अतिसंवेदनशील झालेल्या असतात आणि मूल खरोखर कळवळत असते. वारंवार पोट दुखणाऱ्या बहुतेक मुलांचे दुखणे याच प्रकारचे असते. बद्धकोष्ठ असेल तर त्यावर उपचार, घरच्यांचा धीर आणि शाळा सुरू ठेवणे यांचा त्यांना अँटिबायोटिकपेक्षा अधिक उपयोग होतो.

यावर कुणी म्हणेल, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच याला कर्करोगकारक ठरवले, मग तो दिसताच काढून का टाकू नये? कारण तो धोका अनेक दशकांनी आणि थोड्यांनाच गाठतो. शिवाय घरात जिवाणू असेल तर लहान मुलाला तो पुन्हा लागू शकतो. उलट क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकला न जुमानणारा एच. पायलोरी २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या चिंताजनक जिवाणूंच्या यादीत आला होता. अल्सर असलेल्या मुलाला ज्या औषधाची खरी गरज आहे, ते आपण गरज नसलेल्यांवर खर्चून निकामी करत आहोत. दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: तालुक्याच्या गावी दुर्बिणीने जठर तपासण्याची सोय नाही, मग रक्ततपासणी तरी करावी. पण बहुतेक मुलांना दुर्बिणीची गरजच नसते. वजन घटणे, रक्ताची उलटी, काळी विष्ठा, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, सतत उलट्या अशी लक्षणे असलेल्या मुलाला मोठ्या रुग्णालयात पाठवलेच पाहिजे. अशा मुलाच्या बाबतीत रक्ताच्या अहवालावर विसंबणे उलट धोक्याचे.

फसव्या चाचणीला आपल्या देशात आवर घातला गेल्याचे उदाहरण आहे. क्षयरोगाच्या निदानासाठीच्या रक्तातील अँटिबॉडी चाचण्यांवर केंद्र सरकारने २०१२ मध्ये बंदी घातली. आपण बंदी मागा, असा माझा आग्रह नाही. बालरोगतज्ज्ञांच्या प्रतीक्षाकक्षात लावता येईल असे एक पानभर पत्रक काढा: चाचणी कधी नको, कोणती लक्षणे दिसताच धावावे आणि दुखणाऱ्या मुलाशी कसे बोलावे.