जड रॅकेटची बाजू

दुकानात आज टेनिसची रॅकेट विकली जाते ती हलकेपणावर. २७० ग्रॅम, २८५ ग्रॅम असे आकडे फ्रेमवर छापलेले असतात आणि आकडा जितका लहान तितकी रॅकेट आधुनिक, असे गिऱ्हाईक धरून चालते. नवशिक्यापुरते ते ठीकच आहे. पण क्लबात पहिल्या फळीत खेळणारा, मानांकन स्पर्धांत उतरणारा, समोरून येणाऱ्या वेगवान सर्व्हिसला रोज तोंड देणारा खेळाडूही याच हिशेबाने रॅकेट निवडतो, तेव्हा तो स्वतःचे नुकसान करून घेतो. अशा खेळाडूला दुकानात सहज मिळते त्याहून जड रॅकेट लागते, असे माझे मत आहे. मात्र त्याचे कारण ताकद हे नव्हे. जड रॅकेटने फटका जोरात बसतो, हा तिच्या बाजूने सर्वांत जास्त केला जाणारा आणि सर्वांत लंगडा युक्तिवाद आहे.

खरे कारण चेंडू आणि रॅकेट यांच्या टकरीत आहे. चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा असतो आणि गटिंगवर तो जेमतेम ५ मिलिसेकंद टेकतो. तेवढ्या वेळात पकड कितीही घट्ट असली तरी हाताचे बळ फारसे कामी येत नाही. टक्कर रॅकेटला एकटीलाच झेलावी लागते. त्यातही तिचे सगळे वजन चेंडूच्या आड येत नाही. चेंडू गटिंगच्या मध्यावर लागला तर साधारण निम्मे वजन येते, आणि टोकाकडे लागला तर पावाच्या आसपास. म्हणजे ३०० ग्रॅमची रॅकेट टोकाकडे जेमतेम ७५ ग्रॅमची उरते, चेंडूहून फार मोठी नव्हे. पूर्ण घुमाव घेऊन मारलेल्या सर्व्हिसमध्ये वा फोरहँडमध्ये वजन वाढले की रॅकेटचा वेग थोडा घटतो, आणि जमाखर्च जवळपास बरोबरीत सुटतो. सर्व्हिसचा रिटर्न, व्हॉली, कोपऱ्यात ताणले गेल्यावर कसाबसा परतवलेला चेंडू, या ठिकाणी मात्र घुमावाला वेळच नसतो. रॅकेट नुसती आडवी घालायची असते. तिथे वेग नाही, मग उरते काय? वजनच. हलकी रॅकेट तिथे मागे ढकलली जाते, चेंडू जरा बाजूला लागला की मुठीत फिरते आणि परतीचा चेंडू आखूड पडतो. वरच्या पातळीवर बरेचसे गुण याच आखूड चेंडूंवर जातात.

रॉजर फेडररने या बाबतीत घेतलेला निर्णय बोलका आहे. ९० चौरस इंचांची रॅकेट त्याने वर्षानुवर्षे सोडली नाही. २०१३च्या अमेरिकन ओपनमध्ये टॉमी रॉब्रेडोकडून तो सरळ सेटमध्ये हरला आणि २०१४पासून ९७ चौरस इंचांकडे वळला. या बदलाची चर्चा झाली ती आकारापुरतीच. वजन मात्र त्याने खाली आणले नाही. त्याच्या नावाने विकली गेलेली ती रॅकेट गटिंगशिवाय ३४० ग्रॅमची होती, आधीच्या रॅकेटइतकीच. तिशी ओलांडलेल्या, पाठदुखीने बेजार झालेल्या खेळाडूने सवलत घेतली ती आकारात. पुढे २०१७च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात नदालचे उसळणारे चेंडू त्याने बॅकहँडने उसळीच्या सुरुवातीलाच घेऊन परतवले. त्या विजयाचे श्रेय एकट्या रॅकेटला देणे हास्यास्पद ठरेल, पण चेंडू इतक्या लवकर घेताना घुमाव आखूडच राहतो, आणि आखूड घुमावाला वजनाचा आधार लागतो.

जडपणाची चर्चा काट्यावरच्या ग्रॅममध्ये होते, हा यातला मोठा घोळ. खेळाडूला जाणवते ते स्विंगवेट, म्हणजे रॅकेट फिरवताना ती किती विरोध करते ते. मुठीच्या टोकापासून १० सेंटिमीटरवर अक्ष धरून ते मोजतात, आणि अंतराचा त्यात वर्ग होतो. म्हणून रॅकेटच्या टोकाला २ ग्रॅमची शिशाची पट्टी लावली तर स्विंगवेट सुमारे ७ एककांनी वाढते. तेच २ ग्रॅम मुठीत घातले तर जवळजवळ काहीच वाढत नाही. हातोडी उलटी धरून पाहावी, वजन तेच असूनही ती सहज फिरते. वजनाचा मोठा भाग मुठीकडे असलेली ३४० ग्रॅमची रॅकेट डोक्याकडे झुकलेल्या ३०० ग्रॅमच्या रॅकेटइतकीच चपळ वाटू शकते. दुकानात दोनदा हवेत फिरवून ‘जड आहे’ म्हणून रॅकेट परत ठेवणाऱ्याने नेमके काय पारखले, हा प्रश्नच आहे.

आक्षेप असा येतो की आजचा खेळ टॉपस्पिनचा आहे आणि टॉपस्पिनला रॅकेट झपकन वर जावी लागते. अल्काराझच्या हातातले मॉडेल दुकानात ३०५ ग्रॅमचे मिळते, मग आणखी वजन कशाला? आक्षेपात तथ्य आहे. पण अल्काराझचा घुमाव ज्या वेगाने येतो तो वेग क्लबातल्या खेळाडूकडे नसतो आणि हलकी रॅकेट घेऊन तो येतही नाही. फटका मारताना रॅकेटबरोबर काही किलो वजनाचा अख्खा हात फिरत असतो. त्यात २० ग्रॅम कमी झाल्याने मिळणारा वेग किरकोळ, आणि गमावलेले स्थैर्य त्याहून जास्त.

दुसरा आक्षेप दुखापतीचा. महाराष्ट्रात तो निघाला की सचिन तेंडुलकरची जड बॅट आणि २००५मधली टेनिस एल्बोची शस्त्रक्रिया आठवणारच. पण बॅटचे वजन सव्वा किलोच्या वर, रॅकेटचे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. शिवाय टेनिसमध्ये कोपराला हादरा बसतो तो चेंडूने रॅकेट झटक्यात मागे ढकलली की, आणि ताठ, हलकी फ्रेम तो हादरा जास्त पोहोचवते. जडपणा कोपराला बाधतो तो चेंडूवर उशिरा पोहोचून नुसत्या मनगटाने मारणाऱ्याच्या बाबतीत. अशा खेळाडूने जड रॅकेटच्या नादी लागू नये, हे खरेच. माझा मुद्दा पाय वेळेत लावणाऱ्या आणि खांद्यातून घुमणाऱ्या खेळाडूपुरता आहे.

उरतो थकवा, आणि तिथे मात्र जड रॅकेटची खरी मर्यादा आहे. पहिल्या सेटमध्ये जे वजन आधार देते तेच तिसऱ्यात पाय जड झाल्यावर रिटर्न उशिरा करते. म्हणून सँप्रसची शिसे लावून ३८० ग्रॅमच्या पुढे नेलेली रॅकेट ऐकून तशीच करायला जाऊ नका. नवी रॅकेट घेण्याआधी आहे तिच्यावरच पट्टी लावा, २ ग्रॅम दोन्ही बाजूंना, गरज वाटली तर थोडे मुठीत, आणि तीन सेटचा पूर्ण सामना खेळा. शेवटच्या सेटमध्ये रिटर्न उशिरा होऊ लागले तर २ ग्रॅम काढून टाका. नाही झाले तर पट्टी तशीच राहू द्या.