मुहूर्त टळला, उजेडही बदलला

25 मार्च 2020 पासून टाळेबंदी आली आणि वैशाखातली लग्ने खोळंबली. मग चातुर्मास, तोही अधिक आश्विनामुळे पाच महिन्यांचा! वाराणसीला कार्य ठरवलेल्यांना मार्गशीर्ष गाठावा लागला, तेव्हा बाहेरगावच्या फोटोग्राफरचा जुना बेत निरुपयोगी ठरला. घाट पूर्वाभिमुख, वैशाखात साडेपाचच्या सुमारास उगवणारा सूर्य आता सव्वासहानंतर, तोही धुक्याआडून. पुराने पायऱ्यांवर गाळ साचतो, म्हणून जागाही पुन्हा पाहणे आले. हे जमते. खरी पंचाईत माणसांची. 65 वर्षांवरील मंडळींनी घरीच राहावे, अशी सरकारी सूचना होती. काशीची ओढ ज्यांना, नेमकी तीच मागे! अशा वेळी पहिला फोटो निघण्यापूर्वी घरीच काढलेला बरा : आजीच्या हातून अक्षता घेणारी नवरी.