कॅमेरा नंतर, आधी बांध



परवा पारावर एका पाहुण्यानं माझ्या पोरीचा मोबाईल हातात घेतला, टिटवीचे फोटो बघितले अन् मला म्हणाला, "दाजी, पोरीला असले नाद कशाला लावता? फोटो काढून पोट भरतं का?" पाहुणा म्हणून तिथं गप बसलो. इथं बसत नाही.

पहिली गोष्ट, हा नाद मी लावलेला नाही. माझ्या वडिलांनी लावला, अन् त्यांनी जन्मात कॅमेरा हातात धरला नव्हता. उन्हाळ्यात कुळव चालू असताना टिटवी ओरडत अंगावर आली की ते बैलं थांबवायचे. टिटवीचं घरटं म्हणजे नुसता खड्यातला खळगा, त्यात बहुतेक चार अंडी, मातीच्याच रंगाची. पायाखाली आली तरी दिसत नाहीत. वडील म्हणायचे, "हितंच उभं ऱ्हावा अन् ती कुठं बसती बघा." ती काय लगेच बसती होय! पंख मोडल्यागत लंगडत आपल्याला भलतीकडंच नेती. अर्धा-अर्धा तास उन्हात उभं राहून आम्ही जागा हुडकायचो. मग चारी बाजूला दगड मांडायचे अन् कुळव वळसा घालून जायचा. पिल्लं निघेपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार आठवडे, तेवढा तुकडा तसाच. त्यावरून आईची बोलणी खायचे ते वेगळं. (आता तासावर पैसे घेणारा ट्रॅक्टरवाला थांबत नाही, त्याला आधीच सांगून ठेवावं लागतं.)

आता सांगा, फोटो काढायला दुसरं काय लागतं? थांबायचं, लांब राहायचं, उजेड कुठनं येतोय ते बघायचं. पोरीनं हे आजोबांकडनंच उचललं. भर उन्हात टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येती अन् अंड्यांवर बसती, त्यांना गारवा द्यायला. पोरीनं तो फोटो काढलाय. टिटवी पाण्यावर येती-जाती हे मला ठाऊक होतं, कशासाठी ते पन्नाशी उलटल्यावर कळलं.

सोलापूरचे मारुती चितमपल्ली पुढं मोठे वनाधिकारी झाले, पण रानाची पहिली ओळख त्यांना लहानपणी घरच्याच माणसांनी करून दिली. 'चकवाचांदण' वाचा.

अन् पोट भरायचं म्हणाल, तर दोन वर्षांमागं रब्बी ज्वारीवर मावा पडला, पानं चिकट झाली. त्यात काळ्या अळ्या दिसल्या. एका दुकानदाराला फोटो पाठवला, तो म्हणाला अळी आहे, फवारा. पंप भरला होता. पोरीनं जवळनं फोटो काढून मोठा करून दाखवला. काळं लांबट अंग, पुढं सहा पाय, नारिंगी ठिपके, अन् तोंडात मावा! ती ढालकिड्याची अळी होती, आपली मित्रकीड. पंप तसाच खाली ठेवला. पुढं मावा उतरला. दरवेळी असं होईल असं नाही. मावा फार असला अन् मित्रकीड नसली तर फवारावंच लागतं. पण आधी बघावं तर लागतं ना?

आपण मात्र पोराला रानात येऊच देत नाही. काळं पडंल, काटा मोडंल, अभ्यास बुडंल. मग तेच पोरगं नोकरीला लागून लाखाचा कॅमेरा घेतं, अन् सुट्टीला आमच्या इंदापूरच्या माळावर येऊन लांडग्यामागं गाडी पळवतं. मागच्या साली अशाच एकानं शेजाऱ्याच्या बांधावरची बाभळीची फांदी तोडली, का तर होल्याचं घरटं नीट दिसंना. दुसऱ्या दिवशी घरट्यात पिल्लू नव्हतं. कावळ्यानं नेलं का आणखी कुणी, कुणाला ठाऊक. सावली अन् आडोसा माणसानं काढला एवढं खरं. फोटो चांगलाच आला असणार. असल्या फोटोला वाहवा करणाऱ्यांनीही जरा विचार करावा.

औंदा विहिरीवरच्या तुकड्यात परत चार अंडी आहेत. तेवढा कुळवायचा ठेवलाय. पोरं घेऊन यायचं तर सकाळी नऊच्या आत या, गाडी रस्त्यालाच लावा अन् लिंबाखाली थांबा. तिथनं दिसतं. पाहुण्यांनी पण नातवाला घेऊन यावं.