श्रद्धांजली पडद्यावर वाहा!

कलावंत निवर्तला की आमच्याकडे एक ठरीव विधी होतो. तसबिरीस हार, दोन मिनिटे स्तब्धता आणि मग भाषणे. ह्या विधीत सारे काही असते. नसते ती फक्त कलावंताची कला!

सुलोचनाबाई लाटकर ४ जून २०२३ रोजी गेल्या. त्यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील खडकलाटचा. म्हणजे त्या आम्हां सीमाभागातल्यांच्याच. 'वहिनीच्या बांगड्या'तील (१९५३) वहिनी आणि 'मराठा तितुका मेळवावा'मधील (१९६४) जिजाऊ त्यांनी पडद्यावर उभ्या केल्या. बिदरलगतच्या मैलूरमधील तरुण पिढीने त्या पाहाव्यात कोठे? शोकसभेत?

'जुना कृष्णधवल चित्रपट पाहावयास येणार कोण?' असा आक्षेप हटकून घेतला जातो. पण दाखविण्यापूर्वीच कोणी येणार नाही असे ठरविणे, हा कुठला न्याय?

पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ रोजी वारले. त्यांचा 'जेम्स' १७ मार्च २०२२ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, झळकला. त्यांच्या भूमिकेस आवाज दिला बंधू शिवराजकुमार यांनी. कन्नड रसिकांनी चित्रगृहांतच त्यांना मानवंदना दिली. तो चित्रपट नवा होता, हे खरे. पण नटाचे स्मरण पडद्यासमोर करावयाचे असते, हा धडा शेजाऱ्यांकडून घेण्यात कमीपणा कसला?

आमची मागणी लहानच आहे. हारतुऱ्यांचा खर्च वाचवावा, हक्कधारकांची रीतसर परवानगी घ्यावी, आणि एखाद्या रविवारी सकाळचा एक खेळ सुलोचनाबाईंच्या नावे लावावा. भाषण एकही नको. बोलावयाचे ते त्याच बोलतील.